गुरुवारचा अर्ज

गुरुवार, ४ सप्टेंबर

सकाळी दूध आणलं. वीजबिल भरलं. दुपारी एक बाई अर्ज भरून घ्यायला आल्या. संध्याकाळी फिरायला गेलो नाही.

एवढंच लिहून उठणार होतो, पण मुलीला शब्द दिलाय. ही गेल्यावर मुलगी महिनाभर राहिली आणि जाताना म्हणाली, "बाबा, बोलायचं नसेल तर नका बोलू. निदान लिहीत जा. आणि दोन ओळींत उरकू नका."

तर त्या बाईंबद्दल लिहितो. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ताई आहेत का? अर्जवाल्या ताई?" ही गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्या जरा वेळ पायरीकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मग मी येते." मी म्हणालो, "बसा. पाणी तरी घ्या." या घरात मी कोणाला आपणहून बसा म्हणालो, असं पूर्वी कधी झालं असेल तर आठवत नाही. ते खातं हिचं होतं.

शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर ही लोकांचे सरकारी भत्त्यांचे अर्ज भरून द्यायची. पैसे घ्यायची नाही. जुना अर्ज म्हणजे पानंच्या पानं. त्याला दाखल्यांच्या साक्षांकित प्रती, दोन साक्षीदारांची पत्रं, वर कचेरीच्या खेपा. निम्मे लोक कंटाळून मध्येच सोडायचे. ही सोडू द्यायची नाही. बाहेरच्या खोलीत चहा, गप्पा, हसणं. मी आतल्या खोलीत दार ओढून पेपर वाचायचो.

आता सगळं ऑनलाइन झालंय. बाई म्हणाल्या, "मोबाइलवर होतं म्हणतात हो. पण माझ्या मोबाइलची काच गेलीय, फोटो निघत नाही. आणि खरं सांगू का, भीती वाटते. एक बटण चुकलं की सगळं गेलं."

बेकरीत काम करतात. धाकटा भाऊ रंगारी होता, शिडीवरून पडला, कमरेखाली काही हलत नाही. त्याचं सगळं ह्याच बघतात. अंथरुणावरच्या माणसाची सेवा करणाऱ्यासाठी जो भत्ता आहे तो हवाय. तो मिळाला तर दुपारची पाळी सोडता येईल, सकाळच्या पाळीवर भागेल.

मुलीने ठेवलेला कॉम्प्युटर उघडून मी साइट बघितली. तीन कागद मागत होती. ओळखपत्र, डॉक्टरांचा दाखला, पासबुक. तिन्ही त्यांच्या पिशवीत होते. आज सुरू करता आलं असतं. पण ही कधी अशी घाई करायची नाही. मी म्हणालो, सगळ्याच्या साक्षांकित प्रती करून आणा, पुढच्या गुरुवारी बघू. गुरुवारी बेकरी बंद असते.

जाताना त्यांनी पाण्याचा पेला स्वतः विसळून पालथा घातला.

शनिवार, ६ सप्टेंबर

वरच्या मजल्यावरचे मॅनेजर जिन्यात भेटले. बँकेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी सगळे मॅनेजरच म्हणतात. मला ते मीटर म्हणतात, कारण मी पाणी खात्यात मीटर तपासायचो.

"काय मीटर, वाचलंत का? अर्ज दुप्पट झालेत म्हणे. दुपटीच्याही वर."

मी वाचलं होतं. नवी पद्धत आल्यापासून अर्ज वाढलेत आणि त्यातले बरेचसे अशा लोकांचे आहेत, की ज्यांना पहिल्यापासून मिळायला हवं होतं पण जे कधी आलेच नव्हते.

"घरबसल्या मिळतंय म्हटल्यावर उड्या पडणारच," मॅनेजर म्हणाले. "पूर्वी चार खेपा घालाव्या लागायच्या. खरा गरजू कोण ते आपोआप कळायचं."

ही असती तर तिथल्या तिथे बोलली असती. एकदा त्यांना म्हणालीसुद्धा होती, "मॅनेजर, खेपा मोजून गरज नाही कळत. कोणाला रजा मिळते तेवढं कळतं." मी नुसती मान हलवली. ती होकाराची होती की कशाची, मॅनेजरांना कळलं नसावं. मलाही नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

बेकरीवाल्या ताई आल्या. (आता मीही ताईच म्हणतो, त्या मला काका म्हणतात.) प्रती आणल्या होत्या. साक्षांकन करणाऱ्या बाईंनी त्यांना दोनदा परत पाठवलं म्हणे. "त्या म्हणाल्या, हे हल्ली कोण मागतं? मी म्हटलं, आमचे काका मागतात. फार पक्के आहेत."

मी हिच्या कपाटातला एक जुना छापील अर्ज काढला आणि आधी त्यावर पेन्सिलीने सगळं लिहून घेतलं. कच्चं काम आधी, पक्कं नंतर. मीटर तपासायच्या प्रयोगशाळेतही आम्ही तसंच करायचो. ताई समोर बसून उत्तरं देत होत्या. भावाचा जन्म कधीचा, पडला कधी, जेवण हाताने करतो का, कूस बदलावी लागते का.

"कूस बदलताना रोज म्हणतो, ताई, दुसरी बाजू भाजली की काढ. मी बेकरीतली ना!"

मला हसू आलं. चांगलं मोठ्याने आलं.

चहा मीच केला. त्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "काका, रागवू नका, पण यात चहापत्ती घालायची राहिली का?" मी म्हणालो, घातलीय. "मग पाण्याला कळवलं नसेल."

त्यांना विचारलं, तुम्ही इथे असताना भावाजवळ कोण असतं? कोणी नाही म्हणाल्या. कामाच्या दिवशी शेजारीण येऊन-जाऊन बघते. गुरुवारी ती येत नाही, तिला वाटतं ताई घरी आहेत. "तासाभराचाच तर प्रश्न आहे. पाणी उशाशी ठेवून येते."

साक्षीदारांची दोन पत्रं राहिली आहेत. ती आणायला सांगितली.

संध्याकाळी मुलीचा फोन. "बाबा, आज आवाज बरा वाटतोय. झोप लागली का दुपारी?" मी म्हणालो, नाही, काम होतं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

मॅनेजर स्क्रू-ड्रायव्हर मागायला आले. दिला तरी जाईनात. मग स्वतःच दार लोटलं आणि आवाज खाली घेतला.

"मीटर, कोणाला बोलणार नसाल तर सांगतो. मी अर्ज केला. तो ज्येष्ठांचा औषधांचा भत्ता असतो ना, तो. मंजूरही झाला. आठवड्यात."

मी काही बोललो नाही तर त्यांना वाटलं मी हिशेब मागतोय.

"अहो, चांगला पहिल्यापासून बसत होतो नियमात. पण जायचं कसं? त्या रांगेत माझा शिपाई उभा असतो. ज्याला मी वीस वर्षं घंटी वाजवून बोलावलं त्याच्या पाठीमागे उभा राहू? बायको जा जा म्हणायची. मी म्हणायचो, आपल्याला काय कमी आहे. आणि इकडे तिच्या गोळ्या सुरीने अर्ध्या करत होतो, मीटर. रोज. सुरीने."

चष्मा पुसून झाल्यावर म्हणाले, "कुठे बसून केला विचारा."

"कुठे?"

"संडासात. कडी लावून. बायकोला निकाल आल्यावरच सांगितलं. ती म्हणाली, तरीच म्हटलं पोट बिघडलं की काय."

मी विचारलं, "साक्षीदार कोण दिलेत?"

"कसले साक्षीदार? ते सगळं बंद झालं की. तीन फोटो, एक सही, खलास. आणि हे बघा, भत्ता अर्ज दाखल केल्या दिवसापासून धरतात. म्हणून म्हटलं उद्यावर नको."

हे मला माहीत होतं, म्हणजे साइटवर लिहिलेलं मी वाचलं होतं. पण मॅनेजरांचं साधं प्रकरण आहे. सेवा भत्त्यात माणसाच्या आयुष्याचा प्रश्न असतो. काम पक्कं असलेलं बरं.

बाजारातून बिस्किटं आणली. दोन प्रकारची, ताईंना कुठली आवडतात ते विचारलं नव्हतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताईंनी आल्या आल्या विचारलं, "कुठे निघालात का? मग मी नंतर येते." मी म्हणालो, नाही, कुठे नाही.

बिस्किटं बघून हसल्या. "बेकरीतल्या माणसाला बिस्किटं! काका, मी आठवडाभर हेच मोजते." तरी एक घेतलं.

दोन्ही पत्रं आणली होती. एक शेजारणीचं, एक बेकरीच्या मालकाचं. मालक पत्र देताना कुरकुरला. म्हणे, हा कसला ऑनलाइन अर्ज, माझ्या मेहुणीने मोबाइलवर केला, तिला कोणी पत्र नाही मागितलं. ताईंनी त्याला सांगितलं, "तुमची मेहुणी नशीबवान. आमचं काम काकांकडे आहे, उगाच परत येणार नाही."

पेन्सिलीचं सगळं कॉम्प्युटरवर चढवलं. पत्रं जोडायला साइटवर जागाच नाही. ती फायलीत ठेवून दिली, लागली तर असावीत. शेवटचं पान आलं. खाली हिरवं बटण होतं.

"पाठवायचा?" ताईंनी विचारलं. त्या खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसल्या होत्या.

मी म्हणालो, "एकदा निवांत तपासतो. पुढच्या गुरुवारी तुमच्यासमोर पाठवू."

"आज नाही जाणार?"

"घाई नको."

"बरं," त्या म्हणाल्या. मग पिशवी आवरताना म्हणाल्या, "मालक म्हणतोय, एक तारखेपासून दुपारच्या पाळीला कायमची माणसं पाहिजेत. हो की नाही ते सांगायचंय. त्याच्या आत कळलं तर बरं होईल. बघा आपलं."

रात्रीपर्यंत तपासलं. एकही चूक नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

पुन्हा तपासलं. चूक नाही.

गुरुवार, २५ सप्टेंबर

ताई आल्या. आल्याबरोबर विचारलं, "पाठवलात ना?" मी म्हणालो, सर्व्हर बंद आहे. बहुधा बंद होता.

"मग थांबते थोडी. होईल सुरू."

चहात आज चहापत्ती जास्त घातली. "आता पाण्याला चांगलंच कळलं," म्हणाल्या. मग त्यांनी हिच्याबद्दल विचारलं. शेवटी फार त्रास झाला का. हे मला कोणी विचारलं नव्हतं. सगळे मुलीला विचारायचे. मी सांगत गेलो. दवाखान्यातल्या पहिल्या रात्रीपासून सगळं. ही शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली होती, "तुम्ही आता जरा बाहेरच्या खोलीत बसायला शिका." तेही सांगितलं. ताई मध्ये काही बोलल्या नाहीत. त्यांना ऐकता येतं.

एकदा त्या घड्याळाकडे बघून उठायला लागल्या. मी म्हणालो, अजून अर्धा कप आहे. बसल्या. नंतर पुन्हा उठल्या तेव्हा मी काहीतरी मीटरचं सांगायला लागलो, काय ते आता आठवत नाही.

त्या गेल्यावर बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी असं वाटलं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

बेकरीतून ताईंचा फोन आला. मागे यंत्राचा आवाज होता, त्यामुळे त्या मोठ्याने बोलत होत्या.

"काका, अर्ज गेला का हो? आज जाईल का? काल मी घरी गेले तर हा जमिनीवर. पाण्याची बाटली घ्यायला वाकला आणि गेला खाली."

मी विचारलं, लागलं का.

"लागलं नाही. पण तासभर तसाच. फरशीवर. कपडे ओले झालेले. हाका मारून मारून आवाज बसलाय त्याचा, आज कुजबुजल्यासारखा बोलतो. गुरुवार ना. शेजारीण पलीकडे रेडिओ लावून बसलेली. तिला काय माहीत?"

 यंत्र चालूच होतं.

"माझंच चुकलं. तुम्ही आपले दुःखात बोलत होता, ते ठीक आहे. पण मला कळायला नको? चहा पीत बसले मी. बिस्किटं खात."

मी म्हणालो, "तुमची चूक नाही."

ते मी अशा आवाजात म्हणालो, की जसं कोणी समजूत घालण्यासाठी म्हणतं. त्यांना तसंच वाटलं. "तुम्ही चांगले आहात म्हणून म्हणता," त्या म्हणाल्या.

फोन ठेवून कॉम्प्युटर उघडला. बटण दाबलं. लगेच आलं, आपला अर्ज दाखल झाला आहे.

रविवार, २८ सप्टेंबर

मागचं वाचलं. गुरुवारी मी लिहिलंय, सर्व्हर बहुधा बंद होता. बहुधा नाही. मी बघितलंच नव्हतं. कॉम्प्युटर झाकलेला होता.

ते वाक्य खोडायला पेन घेतलं होतं. राहू दिलं.

पहिल्या दिवशी तीन कागद त्यांच्या पिशवीत होते. पंधरा मिनिटांचं काम. आठवड्यात मंजुरी येते हे मॅनेजरांनी सांगितलं. म्हणजे पंचवीस तारखेला त्यांना इथे यायचं काहीच कारण नव्हतं. त्यांना गुरुवारची एकच सुट्टी असते आणि भाऊ त्या दिवशी आठवडाभराचं बोलत असेल.

मी हे हिच्या नावावर केलं याची जास्त लाज वाटते. ही असं करायची, ही तसं करायची. हिने माणसं बसवून घेतली ती काम होईपर्यंत. काम झालं की स्वतःच म्हणायची, "उठा आता, घरी वाट बघत असतील."

मुलीचा फोन आला. "लिहिताय ना? काय लिहिता?" मी म्हणालो, घरातलंच.

गुरुवार, २ ऑक्टोबर

कोणी आलं नाही. इस्त्रीचा शर्ट घातला नव्हता, पण दुपारी दोनदा दारापर्यंत जाऊन आलो.

शनिवार, ४ ऑक्टोबर

भत्ता मंजूर झाला. ताई बेकरीतून परस्पर आल्या, हाताला पीठ तसंच. खोक्यात केक होता, "एका कडेने बसलाय, विकायचा नव्हता, पण चवीला चांगला आहे." बसल्या नाहीत, भाऊ वाट बघतोय म्हणाल्या.

"काका, आठवडा! तुम्ही इतकं पक्कं केलंत म्हणून आठवड्यात झालं. मालक तोंडात बोट घालून बसला. पण एक तारीख उलटली ना, मी दुपारची पाळी घेते म्हणून सांगून बसले होते, आता हा महिना तरी करावीच लागेल. पुढच्या महिन्यापासून सुटले."

मी केक हातात धरून उभा होतो.

"सगळ्या बेकरीत तुमचं नाव झालंय. दोघींना तर तुमच्याकडेच यायचंय. मी म्हटलं, जा, देवमाणूस आहे."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्या पायरीवर होत्या, मी दारात. मी म्हणालो, "सांभाळून जा."

केक मॅनेजरांकडे पोचवला. ते म्हणाले, "कशाबद्दल?" मी म्हणालो, असाच. एवढा मोठा केक माझ्याने संपला नसता हे खरं आहे, पण खाल्ला नाही त्याचं कारण ते नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

मुलीला फोनवर सांगितलं. सगळं नाही, निम्मं. की एका बाईंचा अर्ज मी उगाच लांबवला. ती म्हणाली, "अहो बाबा, तुम्ही फुकट करून दिलंत ना? झालं मग. इतकं मनाला लावून घेऊ नका." मी म्हणालो, उगाच म्हणजे मुद्दाम.  मग म्हणाली, "बाबा, मी येऊ का चार दिवस?"

नको म्हणालो. यायला तिला कारण लागतं असं मला वाटायला नको होतं, पण तेही वाटलं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

ताईंच्या घरी गेलो. पत्ता अर्जात होताच. दुसरा मजला, जिना अरुंद, एका बाजूला सायकली बांधलेल्या. भाऊ खिडकीजवळच्या पलंगावर होता. आवाज अजून घोगरा आहे.

"तुम्हीच ते चहावाले काका!" तो म्हणाला. "ताई म्हणते, चहा सोडून सगळं चांगलं करता."

ताईंनी त्याला डोळे मोठे करून दाखवले. खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"त्या दिवशी तुमच्यामुळे एक काम झालं बरं का," भाऊ म्हणाला.  तो वर बोट दाखवत होता. "तासभर खाली पडून छत बघितलं. पलंगावरून कळत नाही. कोणा गाढवाने रंग दिलाय हो? पट्टेच्या पट्टे सोडलेत. मी असतो तर मजुरी कापली असती."

तो हसला. ताई हसल्या नाहीत. मीही नाही.

ताईंना म्हणालो, जरा बाहेर येता का. जिन्यात उभं राहून सांगितलं. जसं घडलं तसं सांगितलं, हिचं नाव मध्ये आणलं नाही. अर्ज पहिल्याच दिवशी गेला असता. प्रती लागत नव्हत्या. पत्रं लागत नव्हती. सर्व्हर चालू होता. तुम्ही यावं म्हणून केलं.

त्यांना समजायला वेळ लागला. पहिल्यांदा म्हणाल्या, "असं काय बोलता काका, तुम्ही तर..." आणि तिथेच थांबल्या. मी बघत होतो आणि त्या मनात एकेक गुरुवार मागे जात होत्या.

"गुरुवारी शेजारीण येत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं होतं?"

"हो."

"मी उठले तेव्हा तुम्ही परत बसवलंत."

"हो."

"दोनदा."

मी मान हलवली. माफी मागायचं ठरवून गेलो होतो, वाक्यही तयार होतं, पण ते त्या जिन्यात बोलण्यासारखं नव्हतं.

ताईंनी ओढणीने हात पुसले. हात कोरडेच होते. मग म्हणाल्या, "बोलायला माणूस हवं होतं तर तसं सांगायचं. मी नाही म्हटलं असतं. मला वेळ नाही. पण सांगायचं."

आतून भावाने विचारलं, "ताई, काका गेले का?"

"निघाले," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दार आपटलं नाही. मला वाटलं होतं आपटतील.

घरी चालत आलो. बस मिळत होती.

शनिवार, ११ ऑक्टोबर

दुपारी दोन बायका आल्या, बेकरीतल्या. मी बाहेरच्या खोलीत नव्हतो, आतून उठून आलो. मला वाटलं, ताईंनी कोणाला काही सांगितलं नसेल, म्हणून आल्या. दारातच विचारलं, "तुम्हाला ताईंनी पाठवलं?"

"हो. काल म्हणाल्या, काकांकडे जा, त्यांना सगळं येतं." मग त्यातली धीट होती ती दुसरीकडे बघून म्हणाली, "सांगू का पुढचं?"

"सांग की. त्यांनी सांगायला सांगितलंय."

"म्हणाल्या, काकांकडे जा, पण बसू नका. आणि चहा घेऊ नका."

दुसरी फसकन हसली. तिला चहाचीच गंमत वाटली असावी. मी म्हणालो, "बरोबर सांगितलंय त्यांनी."

त्यांचेच मोबाइल त्यांच्याच हातात ठेवले. मी नुसतं सांगत गेलो, आता इथे, आता फोटो, आता खाली. कागदांच्या प्रती आणल्या होत्या त्या बघितल्यासुद्धा नाहीत. एकीचा फोटो हलला, पुन्हा काढला. उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या दोघींचं झालं. "इतकंच?" धीट म्हणाली. "मग आम्ही इतकी वर्षं काय करत होतो?"

मी म्हणालो, इतकंच. आणि पुढच्यांना तुम्हीच सांगू शकाल, इथवर यायची गरज नाही. हे म्हणायला जड गेलं, पण म्हणालो.

"ताईंना काही निरोप?" जाताना तिने विचारलं.

मी म्हणालो, काही नाही.

त्या जिना उतरेपर्यंत बोलत होत्या, मग फाटकाचा आवाज आला. स्वयंपाकघरात गेलो तर नळ ठिबकत होता. खालचा कॉक बंद केला, नळ उघडला. वायसर पार झिजला होता. खणात बघितलं, मापाचा एक सापडला. तो बसवला, पाणी सोडलं, आणि पुन्हा ठिबकतो का ते बघत थोडा वेळ तिथेच उभा राहिलो.